कॅरीबॅगमधला दवाखाना

अजिंठा गाव घाटमाथ्यावर आहे आणि त्याच्या नावाने जगभर ओळखली जाणारी लेणी घाटाखाली, दहाबारा किलोमीटरवर. या गावात कुणाचे दुखणे इथल्या दवाखान्याच्या आवाक्याबाहेर गेले की दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेला, सिल्लोडवरून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, म्हणजे सारा मराठवाडा ज्याला नुसते ‘घाटी’ म्हणतो त्या रुग्णालयाकडे. जवळपास शंभर किलोमीटर. दुसरी उत्तरेला, घाट उतरून फर्दापूर, पहूर करत जळगावला. अंतर त्याहून कमी. जळगाव वेगळा जिल्हा, वेगळा महसूल विभाग. पण वाट कोणती धरायची हे मेहुणा कुठे राहतो, मागच्या वेळी कुठल्या डॉक्टरचा गुण आला आणि रात्री कोणती गाडी मिळाली यावर ठरते. नकाशावरची विभागाची रेघ गाडीत बसलेल्या कुणाच्या गावीही नसते. गाडीत रुग्णाच्या किंवा त्याच्या बायकोच्या मांडीवर एक कॅरीबॅग असते, बहुधा एखाद्या कापड दुकानाची. तिच्यात चार घड्या पडून जीर्ण झालेला केसपेपर, दोन वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेची मोठी फिल्म, ईसीजीची थर्मल कागदावरची आणि आता निम्मी पुसट झालेली पट्टी. शिवाय संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. ती फेकायची नसतात, कारण चिठ्ठीवरचे अक्षर कुणाला लागत नाही, पाकिटावरचे नाव मात्र छापील असते.

वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याची चर्चा होते तेव्हा या कॅरीबॅगकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले जाते. माझ्या मते ती आजवर आपल्याकडे चाललेली सर्वांत टिकाऊ आरोग्य-नोंद प्रणाली आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक प्रणालीची परीक्षा तिच्याशी ताडून घ्यायला हवी. तिचे दोष उघड आहेत: कागद भिजतो, फाटतो, हरवतो, आणि त्यावर जे लिहिलेच नाही ते तिच्यात नसते. पण तिच्यात दोन गुण असे आहेत, की कोट्यवधी रुपये खर्चूनही ते पुष्कळदा साधत नाहीत. ज्याचे दुखणे त्याच्याच हातात नोंद राहते, आणि पुढचा डॉक्टर घाटीतला असो की जळगावातला, ती त्याच्या टेबलावर पोचते. नोंद लिहिली गेली ही अर्धी गोष्ट झाली. पुढच्या भेटीत ती परत समोर आली तरच तिचा उपयोग. नाहीतर ती निव्वळ दप्तरी भरती.

नोंद आपल्या जागेपासून दूर गेली की काय होते, याचा एक धडा अजिंठ्यालाच मिळालेला आहे. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन स्मिथला लेणी दिसली, त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, रॉबर्ट गिल भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि पुढची कितीतरी वर्षे इथेच राहिला. गिलने तैलरंगात केलेल्या मोठ्या नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत जळाल्या, मोजक्याच वाचल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा सारे काम केले. त्याही नकला लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या. दोनदा तीच चूक. मेहनतीत कसर नव्हती, हातही कसलेले होते. पण सगळी नोंद एका दूरच्या छपराखाली होती आणि जिथली ती नोंद, तिथे तिची प्रत नव्हती.

संगणकाच्या नोंदींनाही आग लागते, फक्त धूर दिसत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातले सर्वांत नावाजलेले रुग्णालय जवळपास दोन आठवडे हाताने केसपेपर लिहीत होते. महाराष्ट्राला तर हल्लेखोराचीही गरज पडली नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मुंबईच्या जे. जे. पासून सुरू होऊन पसरत गेलेली ‘एचएमआयएस’ प्रणाली जुलै २०२२ मध्ये कराराच्या वादात बंद पडली. डॉक्टर पुन्हा पेनाकडे वळले, आणि नंतर केंद्राच्या एनआयसीची ‘ई-हॉस्पिटल’ ही दुसरी प्रणाली आली. वाद कुणाचा आणि चूक कुणाची हा इथे मुद्दा नाही. जो मधुमेही दहा वर्षे एकाच ओपीडीत येत होता, त्याच्या साखरेचा दहा वर्षांचा आलेख त्या जुलैत डॉक्टरच्या पडद्यावरून गेला. ज्याने आपल्या चिठ्ठ्या कॅरीबॅगेत जपल्या होत्या त्याचा गेला नाही. करार संपला तरी नोंद संपू नये, ती दुसऱ्या प्रणालीला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढून मिळावी, ही अट निविदेच्या पहिल्या पानावर असायला हवी.

नवी राष्ट्रीय रचना कागदावर तरी हा धडा शिकलेली दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. पुष्कळांचा समज असा, की आभा कार्ड काढले म्हणजे आपली सगळी माहिती दिल्लीतल्या कुठल्यातरी मोठ्या संगणकात जाते. तसे नाही. नोंद जिथे झाली त्या रुग्णालयातच राहते; आभा क्रमांक म्हणजे ती कुठे कुठे ठेवली आहे हे सांगणारा धागा. जळगावच्या डॉक्टरला घाटीतला रिपोर्ट हवा असेल तर तो मागणी पाठवतो, मागणी रुग्णाच्या मोबाइलवर येते, आणि कोणती नोंद, कोणत्या काळातली, किती दिवसांसाठी दाखवायची हे रुग्णाने मान्य केले की रिपोर्ट पोचतो. संमती परतही घेता येते. रचनेत मला खोट दिसत नाही. पण धागा असून चालत नाही, त्यात मणी ओवलेले असावे लागतात. आभा क्रमांकांची संख्या ७० कोटींच्या पुढे गेल्याचे अभिमानाने सांगितले जाते, आणि रिकामा क्रमांक मिळालेला माणूस त्या संख्येत धरलेला असतो. खेड्यातला रुग्ण पहिल्यांदा जातो तो बहुधा गावातल्या खासगी डॉक्टरकडे. तिथे नोंद होते ती चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी जाते मेडिकलवाल्याकडे. त्या टेबलापर्यंत धागा पोचत नाही तोवर घाटीचा कितीही मोठा सर्व्हर त्या माणसाचा अर्धाच आजार ओळखतो.

आणि संमती नेमकी कुणाची? ती येते ओटीपीने, ओटीपी येतो मोबाइलवर, आणि घरातला स्मार्टफोन बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. पन्नाशीच्या बाईचे आभा मुलाच्या नंबरवर काढलेले असेल, तर कायद्याच्या भाषेत संमती तिची आणि व्यवहारात त्याची. पाठदुखीच्या रिपोर्टला यात काही बिघडत नाही. पण गर्भपात, क्षयरोग, मानसिक उपचार, एचआयव्ही या नोंदी त्याच वाटेने जातात, आणि तिथे मुलगा, सून, जावई, सोयरीक सगळे आडवे येते. गावात कागद लपवता येतो, धान्याच्या कोठीत ठेवता येतो. दुसऱ्याच्या फोनवर आलेला मेसेज लपवता येत नाही. धोका परक्याचाही असतो: फिनलंडमधल्या एका मनोपचार केंद्राच्या तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला गाठून पैसे मागितले. आपला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो परक्या चोरावर चालेल. घरातल्या फोनधारकावर कायदा चालत नाही. तिथे उपाय साधा आणि जुनाच आहे: ज्या नोंदी बाईला धाग्यात ओवायच्या नसतील त्या वेगळ्या ठेवण्याचा पर्याय नर्सबाईने तिला एकटीला, तोंडी, तिच्या भाषेत विचारला पाहिजे. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांसाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना नसतो.

संगणकीय नोंदींवरचा सर्वांत रास्त आक्षेप असा: आधी डॉक्टर द्या, गोळ्या द्या, मग संगणक. जिथे पद रिकामे आणि औषधाचे कपाट रिकामे, तिथे नोंद कसली करायची? आक्षेपाचा पहिला भाग मान्यच आहे. पण नोंद ही उपचारानंतरची चैन, हा त्यामागचा समज खरा नाही, आणि ते महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, तुलनेसाठी दुसरी ४७ गावे धरून, नवजात बाळांची घरोघर काळजी घेणारा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. त्या ठरलेल्या दिवशी बाळ पाहायच्या, वजन करायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंत ६० टक्क्यांहून अधिक घट. श्रेय अर्थातच इंजेक्शनला आहे, उबेला आहे, त्या बायकांच्या धैर्याला आहे. पण कालच्या वजनाचा आकडा समोर असल्याशिवाय आजचे वजन घटले हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय इंजेक्शन कुणाला द्यायचे हेही कळत नाही. तिथे संगणक नव्हता. जिने आकडा लिहिला तीच दोन दिवसांनी तो वाचत होती आणि त्यावर काहीतरी करत होती.

आता याच्या शेजारी आजची आशाताई ठेवून पाहा. गरोदर बाईची नोंद एका रजिस्टरमध्ये, तीच माता-बाल कार्डावर, तीच पुन्हा आरसीएच पोर्टलसाठी. क्षयरोग असेल तर ‘निक्षय’, बीपी-शुगर असेल तर आणखी एक पोर्टल. प्रत्येक नोंद वर जाते. तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला. खाली काय येते? किती टक्के काम बाकी आहे याची विचारणा. ज्या नोंदीतून लिहिणाऱ्याला काहीच परत मिळत नाही ती नोंद भरण्यासाठी भरली जाते, आणि अशा आकड्यांत सगळ्यांचे बीपी १२०/८० निघते. या आकड्यांवर उद्या कुणी कृत्रिम बुद्धिमत्तेचा महाल उभारला, तर पाया कशाचा आहे हे सांगायला नको. हे दुखणे गरीब देशांपुरते नाही. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने अब्जावधी डॉलर ओतून दवाखाने संगणकावर आणले. प्रणाली बांधल्या गेल्या त्या मुख्यतः बिलाच्या सोयीने, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की डॉक्टर रुग्णाला एक तास देतो तेव्हा संगणक आणि टेबलावरच्या कामात त्याचे जवळपास दोन तास जातात. आपल्या ओपीडीत डॉक्टरच्या वाट्याला दर रुग्णामागे दोनचार मिनिटे येतात. त्यांतले एक पासवर्डला गेले तर उरले काय?

याचा अर्थ वर जाणारी नोंद निरुपयोगी, असा मात्र नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांचे उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रिया काही चोरून झाल्या नव्हत्या. प्रत्येकीचे डिस्चार्ज कार्ड कुठल्यातरी कॅरीबॅगेत होते. पण एक लाख कॅरीबॅगा एकत्र उघडून कुणी बघत नाही, म्हणून जे वर्षानुवर्षे चालले होते ते कळायला बातम्या आणि पाहणी लागली. इथे कॅरीबॅग हरते, आणि चांगली संगणकीय नोंद जिंकू शकते: नावे झाकूनही कुठल्या वयाच्या किती बायकांवर ही शस्त्रक्रिया झाली, हे महिन्याच्या महिन्याला दिसू शकते. एकेका रुग्णाला नोंद परत मिळणे आणि समूहाचे चित्र वर दिसणे या दोन्ही गोष्टी एकाच लिखाणातून निघायला हव्यात. आज त्यासाठी दोनदा, तीनदा लिहावे लागते, ही खरी अडचण.

आणि लिहायचे म्हणजे काय लिहायचे? इथे जरा थांबावे लागेल, कारण तंत्रज्ञानाच्या चर्चेत हा विषय कुणी काढत नाही. मराठी माणूस नुसते ‘दुखते’ म्हणत नाही. फोड पिकला की ठणका लागतो. पोटात मुरडा येतो, कळ येते, गोळा उठतो. पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पायाला मुंग्या येतात, सांधे ठसठसतात, लघवीला जळजळ होते, छातीत धडधडते आणि छातीवर दडपण येते. कान देऊन ऐकणाऱ्या डॉक्टरला यांतल्या प्रत्येक शब्दात निदानाचे निम्मे उत्तर सापडते: ठणका पू सुचवतो, मुरडा आतडे, चमक स्नायू किंवा शीर. संगणकाच्या रकान्यात हे सगळे ‘पेन’ होते. आजारांची आणि लक्षणांची ‘स्नोमेड’ ही आंतरराष्ट्रीय शब्दसूची भारताने २०१४ मध्ये स्वीकारली. तिच्यात वेदनेचे प्रकार पुष्कळ आहेत, पण ठणका त्यांतल्या कशाशी जोडायचा हे गर्दीच्या ओपीडीत ठरवायला कुणाला वेळ नाही. परिणाम असा, की चुरगळलेल्या केसपेपरवर एखाद्या जुन्या डॉक्टरने रोमन लिपीत का होईना ‘मुंग्या’ असे लिहिलेले असते, आणि स्वच्छ डिजिटल नोंदीत ते नसते.

बोललेले ऐकून टिपण करणारी यंत्रे यावर उतारा म्हणून आता येत आहेत. डॉक्टरने रुग्णाशी बोलावे, यंत्राने ऐकावे आणि नोंद तयार करावी. पासवर्ड आणि टायपिंगचा वेळ त्याने वाचेल, म्हणून मी या यंत्रांकडे आशेनेच पाहतो. पण अजिंठ्याच्या ओपीडीत एका सकाळी मराठवाडी मराठी, दखनी उर्दू, तांड्यावरची गोरबोली आणि सोयगावकडून आलेली अहिराणी ऐकू येते. पुण्याच्या आवाजावर शिकलेले यंत्र इथे चुकेल, आणि वाईट म्हणजे चुकल्याचे कळणार नाही इतक्या सफाईने चुकेल. लेण्यांतल्या चित्रांचे संवर्धन करायला निजामाच्या सरकारने १९२० नंतर इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांवर लाखेचे व्हार्निश दिले. तेव्हा रंग उजळले, पुढे तेच व्हार्निश पिवळे-काळे पडले आणि खालचे मूळ रंग झाकले गेले. यंत्राने केलेला सारांश हे तसेच व्हार्निश आहे. द्यायला हरकत नाही, पण खालचे मूळ, म्हणजे रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, पुसता कामा नये.

निदान सुचवणाऱ्या यंत्रांचे मोजमापही याच फुटपट्टीने करता येते. छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाची शंका सांगणारी सॉफ्टवेअर चांगली चालतात. पंधरा वर्षांवरील लोकांच्या तपासणीत त्यांचा वापर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केला, आणि अशी सॉफ्टवेअर आपल्याकडे मुंबईतही बनतात. तिथे प्रश्न नेमका असतो, चित्र मूळचे असते, आणि यंत्राच्या शंकेनंतर थुंकीची तपासणी होतेच. चूक पुढच्या पायरीवर पकडली जाते. याउलट, नोंदी वाचून रक्तातल्या जंतुसंसर्गाचा आगाऊ इशारा देणारी एक प्रणाली अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत बसवली गेली होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तपासले तेव्हा तिने दोनतृतीयांश रुग्ण हुकवले होते. अशी यंत्रे जे रकाने वाचतात ते घाईत भरलेले असतील, तर दुसरे काय होणार?

मग अजिंठ्यासारख्या गावाने मागायचे काय? हक्क तर आधीच आहे: भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे ठेवायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. फारच थोडे रुग्ण हे मागतात. पण मागायची वेळच येऊ नये. नोंद संगणकात जावी, आभाच्या धाग्यात ओवली जावी, आणि त्याच क्षणी तिचा अर्ध्या पानाचा मराठी छापील कागद रुग्णाच्या हातात पडावा. त्यावर गोळ्यांची नावे, कशानंतर आणि किती दिवस घ्यायच्या ते, मागच्या तीन भेटींचे बीपी-शुगरचे आकडे, रुग्णाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत, आणि कोपऱ्यात एक क्यूआर, म्हणजे जळगावच्या डॉक्टरला रेंज असेल तर पूर्ण फाइल उघडेल, नसेल तर कागद आहेच. एकाच वेळी दोन प्रणाली चालवणे खर्चिक, असे यावर कुणी म्हणेल. पण एम्सला ते दोन आठवडे आणि महाराष्ट्राला तो जुलै जितका महाग पडला, त्यापुढे कागदाचा खर्च किरकोळ आहे. फक्त कागद साधा हवा, थर्मल नको. ईसीजीच्या पट्टीचे काय होते ते पाहिलेच. आणि प्रिंटरची शाई संपली की ती किती दिवसांत, कोण आणून देणार, हेही सर्व्हरच्याच करारात लिहिलेले असावे.